केंट कौंटी कौन्सिलचा निकाल: ३७ टक्के मतांवर ८१ पैकी ५७ जागा कशा मिळतात?

डार्टफर्डकर – ६ मे २०२५

नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून दोन वर्षांपासून सहकुटुंब इंग्लंडमध्ये केंट कौंटीतील डार्टफर्ड येथे राहतो. भारतीय नागरिक असलो तरी राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक या नात्याने येथे मतदानाचा हक्क आहे, हे शेजाऱ्यांकडून समजल्यावर मी मागील वर्षीच यादीत नाव घातले होते. त्यानुसार १ मे रोजी, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनी, येथील जिल्हा परिषदेसारख्या केंट कौंटी कौन्सिलसाठी आयुष्यात प्रथमच भारताबाहेर मतदान केले. मतदान केंद्र चर्चच्या सभागृहात होते. टेबलामागील बाईंनी माझा भारतीय पासपोर्ट पाहिला, यादीतील माझ्या नावावर पट्टीने सरळ रेघ ओढली आणि घडी घातलेली मतपत्रिका हातात दिली. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती, तिने फुली मारायची आणि कागद पेटीत टाकायचा. बोटाला शाई नाही, यंत्र नाही, केंद्रावर पोलीसही दिसला नाही. घरी येताना मी नकळत दोन-तीन वेळा डाव्या तर्जनीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. ८१ पैकी रिफॉर्म यूके हा स्थलांतराला विरोध करणारा नवा पक्ष ५७, लिबरल डेमोक्रॅट १२, हुजूर पक्ष ५, ग्रीन ५ आणि मजूर पक्ष २. १९९७ पासून येथे सत्तेत असलेला हुजूर पक्ष साठहून अधिक जागांवरून पाचांवर आला आणि कौन्सिलचे विद्यमान नेते रॉजर गॉफ स्वतः पराभूत झाले. विजयी पक्षाला मिळालेली मते मात्र सुमारे ३७ टक्केच आहेत. मी कोणाला मत दिले हे येथे लिहिणार नाही आणि कोणी ते विचारू नये अशी विनंती आहे. ३७ टक्के मतांवर ७० टक्के जागा मिळाल्या, तर त्या निकालाला कौंटीचा कौल म्हणावे का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडून आणखी काही शंका आहेत. प्रचारात लहान बोटींतून येणाऱ्या निर्वासितांबद्दल पुष्कळ ऐकले, पण त्यात कौन्सिलच्या हातात प्रत्यक्षात काय असते? माझी मुलगी पुढील वर्षी केंट टेस्टला, म्हणजे गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या ग्रामर स्कूलांच्या परीक्षेला, बसेल, तिच्या बाबतीत या सत्तांतराने काही बदल होईल का? आणि सरे कौंटीत राहणाऱ्या माझ्या मित्राकडे या वेळी निवडणूकच झाली नाही, ती पुढे ढकलली गेली. आमच्या सातारा जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक आहेत. त्यामुळे निवडणूक पुढे गेली की सामान्य माणसाला दाद कोणाकडे मागावी हेच कळेनासे होते, याचा अनुभव आम्हांला आहे. येथेही तसेच होते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मेडस्टनकर – ६ मे २०२५

आपला मुख्य प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो केवळ या वेळचा किंवा केवळ या पक्षाचा नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या जिल्हा परिषदेत जसे गट असतात, तसे केंट कौंटीचे ७२ विभाग आहेत. त्यांतील ६३ विभागांतून एकेक आणि ९ विभागांतून दोन-दोन सदस्य निवडले जातात, असे मिळून ८१ होतात. विभागात ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. ही पद्धत भारतातही तीच असल्यामुळे तिचे नियम आपल्याला नवे नाहीत. फरक स्पर्धकांच्या संख्येत आहे. महाराष्ट्रात युती आणि आघाडी निवडणुकीपूर्वीच जागा वाटून घेतात आणि बहुतेक ठिकाणी खरी लढत दोन किंवा तीन उमेदवारांत होते. येथे अशा जागावाटपाची पद्धत जवळपास नाही, त्यामुळे एकेका विभागात पाच पक्षांचे उमेदवार उभे राहतात. समजा, १०० मतांपैकी एकाला ३७, दुसऱ्याला २३, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३ आणि पाचव्याला ११ मिळाली. पहिला विजयी होतो आणि उरलेल्या ६३ मतांतून एकही सदस्य निवडला जात नाही. हेच चित्र थोड्याफार फरकाने पन्नास विभागांत उमटले की ३७ टक्क्यांच्या ५७ जागा होतात. ज्या पक्षाची मते सगळीकडे सारखी पसरलेली असतात, त्याला या पद्धतीत एका मर्यादेपर्यंत काहीच मिळत नाही आणि ती मर्यादा ओलांडली की जवळजवळ सगळेच मिळते.

याचा पुरावा केंटच्याच इतिहासात आहे. २०१३ साली युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या यूकिप या पक्षाने येथे तेव्हाच्या ८४ पैकी १७ जागा जिंकल्या होत्या आणि २०१७ मध्ये त्यांची एकही जागा उरली नाही. दुसऱ्या बाजूने पाहायचे तर २०२१ साली हुजूर पक्षाला मते निम्म्याच्या आसपास होती आणि जागा सुमारे तीन-चतुर्थांश. तेव्हा मेडस्टनमध्ये याबद्दल कोणी आवाज उठवल्याचे मला आठवत नाही. मी स्वतःही काही बोललो नव्हतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

कौल म्हणावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की सत्ता चालवण्याचा अधिकार त्यांना निःसंशय मिळाला आहे. कौंटीतील बहुसंख्य लोक त्यांच्या प्रत्येक धोरणाच्या मागे आहेत, असा अर्थ मात्र या आकड्यांतून निघत नाही. शिवाय या निवडणुकांत मतदान साधारण तीन मतदारांत एक एवढेच होते. ते लक्षात घेतले तर ३७ टक्के हा आकडा एकूण मतदारांच्या हिशेबात आणखी पुष्कळ खाली येतो.

पेटीजवळचा – ७ मे २०२५

मी गेली काही वर्षे निवडणुकीत मतमोजणीच्या दिवशी कामाला जातो. स्थानिक कौन्सिल त्या एका दिवसापुरती माणसे घेते आणि त्याचे मानधन मिळते. डार्टफर्डकरांनी पेन्सिलीचा उल्लेख केला म्हणून मोजणी जवळून कशी दिसते ते सांगावेसे वाटते. भारतातून आलेल्या अनेकांना कागद आणि पेन्सिल पाहून काळजी वाटते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे.

क्रीडागृहात लांबच लांब टेबले मांडलेली असतात. एका बाजूला आम्ही मोजणारे बसतो आणि समोर उमेदवारांचे प्रतिनिधी हातात फळी-कागद घेऊन उभे असतात. त्यांना कागदाला हात लावता येत नाही, पण आमच्या बोटांवरून त्यांची नजर हलत नाही. पेटी सर्वांसमोर उघडून टेबलावर उलटी केली जाते आणि रिकामी पेटी फिरवून दाखवली जाते. पहिल्या फेरीत कोणाला किती मते हे आम्ही पाहतच नाही. केंद्रावर जितक्या मतपत्रिका दिल्याची नोंद आहे तितक्याच पेटीत आहेत का, एवढेच तपासले जाते. एका कागदाचा फरक आला तरी पुन्हा मोजावे लागते. हिशेब जुळल्यावरच उमेदवारांप्रमाणे गठ्ठे लागतात. त्या वेळी समोर उभे असलेले लोक गठ्ठ्यांच्या उंचीवरून निकालाचा अंदाज बांधतात, आणि कित्येक वेळा घोषणेपूर्वी तासभर आधीच एखाद्या जुन्या सदस्याचा चेहरा सर्व काही सांगून जातो.

फुलीऐवजी बरोबरची खूण केली असेल, तरी मतदाराचा हेतू स्पष्ट असल्यास मत ग्राह्य धरतात. शंकास्पद कागद वेगळे काढून निवडणूक अधिकारी सर्व प्रतिनिधींना एकेक दाखवतात आणि निर्णय देतात. पेन्सिल वापरण्याची सक्ती नाही, आपले पेन नेता येते. उमेदवाराला स्थानिक निवडणुकीत अनामत रक्कम भरावी लागत नाही, त्यामुळे येथे कोणाची अनामत जप्त झाल्याचे ऐकू येणार नाही.

एका मताने काय होते असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे देतो. याच १ मे रोजी चेशरमधील रनकॉर्न आणि हेल्सबी येथे लोकसभेसारख्या त्यांच्या हाउस ऑफ कॉमन्सची पोटनिवडणूक झाली. तेथे फेरमोजणीनंतर रिफॉर्मच्या उमेदवार १२,६४५ विरुद्ध १२,६३९, म्हणजे अवघ्या सहा मतांनी निवडून आल्या. आणि २०१७ साली नॉर्थम्बरलँड कौंटीत साउथ ब्लाइथ विभागात दोन उमेदवारांना समान मते पडली, तेव्हा काड्या ओढून निकाल लावला गेला. काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या बाजूने आली आणि हुजूर पक्षाचे बहुमत एका जागेने हुकले.

लेखापाल, पूर्व केंट – ८ मे २०२५

मी वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका संस्थेचे हिशेब पाहते, त्यामुळे कौंटी कौन्सिल हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. डार्टफर्डकरांचा दुसरा प्रश्न, कौन्सिलच्या हातात काय असते, हा मला मुख्य प्रश्नापेक्षाही मोलाचा वाटतो, कारण प्रचारात त्याबद्दल फारच थोडे बोलले गेले.

प्रथम एक गोंधळ दूर करते. आपल्या दारातील कचऱ्याचे डबे उचलणे, घरबांधणीची परवानगी देणे आणि कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा कर, गोळा करणे ही कामे डार्टफर्ड बरो कौन्सिलची. असे बारा जिल्हे केंट कौंटीत आहेत आणि त्यांच्या निवडणुका वेगळ्या होतात. मेडवे हा शेजारचा भाग १९९८ पासून या रचनेच्या बाहेर आहे. गोळा झालेल्या कौन्सिल टॅक्समधील सर्वांत मोठा वाटा मात्र कौंटीकडे जातो. रस्ते आणि खड्डे, ग्रंथालये, उचललेल्या कचऱ्याची विल्हेवाट, शाळाप्रवेश, मुलांचे संरक्षण आणि वृद्ध-अपंगांची काळजी हे कौंटीचे काम. महाराष्ट्रातील वाचकांनी कौंटी म्हणजे जिल्हा परिषद आणि बरो म्हणजे पंचायत समिती असे ढोबळ मानले तरी चालेल. एक भेद मात्र आहे: येथे वरची संस्था खालच्या संस्थेला हुकूम देत नाही.

आता पैशांकडे येते. केंट कौंटीचा वर्षाचा निव्वळ खर्च दीड अब्ज पौंडांच्या घरात आहे आणि त्यातील सर्वांत मोठा हिस्सा प्रौढांच्या सामाजिक काळजीवर जातो. त्यानंतर मुलांच्या सेवा आणि विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना शाळेत ने-आण करण्याचा खर्च येतो. हे खर्च ऐच्छिक नाहीत. २०१४ च्या केअर अॅक्टनुसार गरजेच्या निकषात बसणाऱ्या माणसाची सोय करणे कौन्सिलला बंधनकारक आहे, मग सत्तेत कोणताही पक्ष असो. दुसरीकडे, कौन्सिल टॅक्स ५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचा तर सार्वमत घ्यावे लागते. म्हणजे खर्चाची खालची मर्यादा कायद्याने ठरलेली आणि उत्पन्नाची वरची मर्यादाही कायद्याने ठरलेली. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते, तेवढ्यातच नव्या सत्ताधाऱ्यांना राजकारण करता येईल, आणि ती जागा फार अरुंद आहे.

एक प्रसंग सांगते. मागील महिन्यापासून मालकाने पगारामागे भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता, १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो लागू होण्याची वार्षिक वेतनमर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली. आमच्याकडे अर्धवेळ काम करणाऱ्या काळजीवाहू बायकाच अधिक, त्यामुळे हा बोजा जवळपास प्रत्येकीच्या पगारामागे वाढला. कौन्सिलने पाठवलेल्या वृद्धांसाठी जो साप्ताहिक दर मिळतो त्यात ही वाढ पूर्ण बसत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी व्यवस्थापिकाबाईंसमोर बसून रात्रपाळीचा तक्ता उघडला आणि दोनऐवजी एकच माणूस ठेवता येईल का, असे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, फक्त नऊ नंबरच्या खोलीतील आजीबाईंना रात्री उठवून बसवायला दोन माणसे लागतात, एवढे म्हणाल्या. तक्ता आम्ही होता तसाच ठेवला आणि पैसे दुसरीकडून काढले. कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीत माझ्या दृष्टीने पणाला लागते ते हे. या वेळी माझ्या दारात आलेल्या एकाही पत्रकात त्याबद्दल दोन ओळी नव्हत्या, याचे मला मनापासून वाईट वाटले.

निर्वासितांचा मुद्दा. सीमा, व्हिसा आणि बोटी हे विषय केंद्र सरकारच्या गृहखात्याचे आहेत आणि त्यात कौंटीला अधिकार नाही. पण बोटी जेथे येतात ते डोव्हर बंदर केंटमध्ये असल्यामुळे पालकांशिवाय एकटी उतरणारी मुले थेट केंट कौंटीच्या जबाबदारीत येतात, कारण १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टनुसार हद्दीतील निराधार मुलांची काळजी कौन्सिलने घ्यायची असते. ही मुले गृहखात्याने सरसकट हॉटेलांत ठेवणे बेकायदा आहे आणि केंटनेही आपले कर्तव्य पाळलेले नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला होता. त्यानंतर या मुलांना देशातील इतर कौन्सिलांकडे लवकर पाठवण्याच्या व्यवस्थेला वेग आला. सत्ता बदलली म्हणून हे कर्तव्य बदलणार नाही. नवे सदस्य हे मतदारांना कसे समजावून सांगतात, याकडे माझे लक्ष राहील.

केंट टेस्टबद्दल निश्चिंत राहा. कौंटीत ३२ ग्रामर स्कूल आहेत, परीक्षा कौंटी कौन्सिल घेते आणि ती रद्द करण्याची भाषा कोणत्याही मोठ्या गटाने केलेली नाही. १९९८ च्या कायद्यामुळे नवे ग्रामर स्कूल उघडता येत नाही, त्यामुळे त्या बाजूनेही फार बदल संभवत नाही. परीक्षेपेक्षा मुलीच्या बसच्या पासकडे, म्हणजे केंट ट्रॅव्हल सेव्हरकडे लक्ष ठेवा. त्याची किंमत कौंटी ठरवते आणि काटकसर सुरू झाली की अशाच गोष्टींवर प्रथम हात पडतो.

ऑक्सफर्डकर – ८ मे २०२५

वरील चर्चा वाचून इंग्लंडभर एकच लाट आली असा समज होऊ शकतो, म्हणून आमच्या बाजूचे चित्र मांडते. ऑक्सफर्डशरमध्ये ६९ पैकी ३६ जागा लिबरल डेमोक्रॅटांना मिळाल्या आणि रिफॉर्मला एक. केंब्रिजशरमध्ये ६१ पैकी ३१, म्हणजे काठावरचे बहुमत, लिबरल डेमोक्रॅटांकडेच गेले. ग्लॉस्टरशरमध्ये त्यांना ५५ पैकी २७ मिळाल्या आणि एका जागेने बहुमत हुकले. त्या दिवशी १४ कौंटी कौन्सिलांची निवडणूक झाली. त्यांपैकी सहांत रिफॉर्मला आणि दोहोंत लिबरल डेमोक्रॅटांना बहुमत मिळाले, उरलेल्या सहांत कोणालाच नाही. २०२१ साली या चौदांपैकी बारा हुजूर पक्षाने जिंकल्या होत्या. या वेळी एकही नाही.

मेडस्टनकरांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण त्यांनी सगळे गणितावर सोडले आहे असे वाटते. मतविभागणी सर्वत्र सारखीच होती, तरी एका कौंटीत एक पक्ष आला आणि दुसरीत दुसरा, याचे कारण त्या त्या प्रदेशात शोधावे लागेल. डर्बीशर, लँकशर, नॉटिंगहॅमशर आणि स्टॅफर्डशर या चार कौंट्या पाहा. २००९ साली मजूर पक्षाच्या हातात उरलेल्या शेवटच्या चार कौंट्या याच होत्या. त्या वर्षी चारही हुजूर पक्षाकडे गेल्या आणि आता चारही रिफॉर्मकडे. म्हणजे कोळसा, गिरण्या आणि भांडी बनवण्याचे कारखाने असलेल्या या मुलखाने सोळा वर्षांत दोन्ही मोठ्या पक्षांना संधी देऊन पाहिली आणि दोघांनाही बाजूला केले. डरम ही कौंटी मजूर पक्षाने १९१९ साली जिंकली होती, आणि त्या पक्षाच्या ताब्यात आलेली ती इंग्लंडमधील पहिली कौंटी. तेथे या वेळी ९८ पैकी ६५ रिफॉर्म आणि मजूर पक्ष ४. इतक्या लोकांनी अशा रीतीने मन बदलले असेल, तर त्याला मतविभागणीचा अपघात म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

मी रिफॉर्मची समर्थक नाही आणि स्थलांतरितांबद्दल त्यांच्या प्रचारातील सूर मला एक स्थलांतरित म्हणून बोचला, हे स्पष्ट लिहिते. पण माझ्या कौंटीत हीच पद्धत माझ्या आवडत्या पक्षाच्या उपयोगी पडली तेव्हा मी आनंदले, तर केंटमध्ये तिला अन्याय म्हणण्याचा अधिकार मला उरत नाही. पद्धत बदलावी असे वाटत असेल, तर ती आपण जिंकतो तेथेही बदलावी असे म्हणावे लागेल, आणि मी तसे म्हणते.

मेडस्टनकर – ९ मे २०२५

ऑक्सफर्डकरांचा आक्षेप मान्य आहे. प्रदेशाचे कारण मी विचारात घ्यायला हवे होते. केंटपुरते बोलायचे तर थॅनेट आणि शेपी बेटाकडील किनाऱ्यावरील गावे आणि टनब्रिज वेल्सकडील सधन पश्चिम भाग यांच्या निकालांत जो फरक आहे, तोही केवळ गणिताने सुटत नाही.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. आधीही मोठी पडझड झालेली आहे. १९९३ साली हुजूर पक्षाच्या हातात बकिंगहॅमशर ही एकच कौंटी उरली होती आणि केंटमध्येही त्यांचे बहुमत गेले होते. चार वर्षांत, १९९७ मध्ये, ते परत आले. त्या वेळी मते पुन्हा दोन जुन्या पक्षांकडेच वळत असत. या वेळी तसे होईल असे गृहीत धरण्याचे धाडस मी करणार नाही.

डार्टफर्डकर – १० मे २०२५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखापालताईंचे उत्तर मी पत्नीला वाचून दाखवले आणि नऊ नंबरच्या खोलीपाशी आम्ही दोघेही थांबलो. माझी आई साताऱ्यात एकटी असते, त्यामुळे तो मजकूर अधिक जवळचा वाटला.

एक शेवटची शंका आहे. निवडून आलेल्या सदस्याने पक्ष बदलला किंवा पक्षाने त्याला काढले तर काय होते? आपल्याकडे स्थानिक संस्थांनाही पक्षांतरबंदीचा कायदा लागू आहे. आणि नेता थेट जनता निवडते की सदस्य?

मेडस्टनकर – १० मे २०२५

नेता सदस्य निवडतात. २२ मे रोजी कौन्सिलची वार्षिक सभा मेडस्टनमध्ये आहे, तेथे नेता ठरेल. नेता आपले मंत्रिमंडळासारखे मंडळ स्वतः नेमतो. सभेचे अध्यक्षपद वेगळे आणि बव्हंशी मानाचे असते, त्यामुळे आपल्या जिल्हा परिषदेतील अध्यक्षाशी त्याची तुलना करू नये. पक्षांतरबंदी येथे नाही. सदस्याने पक्ष सोडला किंवा पक्षाने त्याला काढले, तरी तो मुदत संपेपर्यंत सदस्य राहतो आणि पोटनिवडणूक होत नाही. ती केवळ मृत्यू, राजीनामा, अपात्रता किंवा सहा महिने सलग अनुपस्थिती यांमुळे जागा रिकामी झाल्यास होते. नवख्या आणि मोठ्या गटात ही गोष्ट महत्त्वाची ठरू शकते.

सरेकर – १६ नोव्हेंबर २०२५

डार्टफर्डकरांनी ज्या मित्राचा उल्लेख केला आहे तो मीच. उत्तर द्यायला सहा महिने लागले, कारण आमच्याबाबतचा निर्णयच परवा-परवापर्यंत झाला नव्हता.

मे महिन्यात होणाऱ्या नऊ ठिकाणच्या निवडणुका सरकारने एक वर्ष पुढे ढकलल्या: सरे, एसेक्स, थरॉक, हॅम्पशर, आइल ऑफ वाइट, नॉरफोक, सफोक आणि पूर्व व पश्चिम ससेक्स. कारण असे दिले गेले की कौंटी आणि जिल्हा हे दोन स्तर मोडून तेथे एकस्तरीय कौन्सिले आणायची आहेत, तेव्हा लवकरच बरखास्त होणाऱ्या संस्थेसाठी निवडणूक घेण्यात अर्थ नाही. २८ ऑक्टोबर रोजी सरेचा निर्णय जाहीर झाला. कौंटी कौन्सिल आणि अकरा जिल्हा कौन्सिले जाऊन पूर्व सरे आणि पश्चिम सरे अशी दोन कौन्सिले येतील. त्यांची पहिली निवडणूक मे २०२६ मध्ये आणि प्रत्यक्ष कारभार एप्रिल २०२७ पासून. सरेतील वोकिंग बरो कौन्सिलने जून २०२३ मध्ये आपल्याकडे पुरेसे पैसे नाहीत अशी कायदेशीर नोटीस काढली होती. तिच्यावरील कर्जापैकी ५० कोटी पौंड फेडण्याचे सरकारने तत्त्वतः मान्य केले आहे. उरलेला बोजा नव्या पश्चिम सरेवर, म्हणजे माझ्या घराच्या कौन्सिल टॅक्सवर, किती येतो हा आमच्याकडील खरा प्रश्न आहे. ज्या निर्णयांनी हे कर्ज झाले ते घेणारे सभागृह उद्या अस्तित्वातच नसेल, मग मतदार जाब कोणाला विचारणार?

साताऱ्याशी तुलना केली आहे, तर एक फरक सांगतो. येथे प्रशासक आला नाही. २०२१ साली निवडून आलेले जुने सदस्यच एक वर्ष अधिक बसले आणि माझ्या विभागातील सदस्य आजही पत्राला उत्तर देतात. गैरसोय कमी झाली, पण मत देण्याची माझी पाळी गेली हे खरेच आहे.

केंटबद्दल येथे पुढे कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून जोडतो. २२ मे रोजी लिंडन केमकरन नेत्या झाल्या. जूनमध्ये पक्षाने खर्चातील उधळपट्टी शोधण्यासाठी आपले पथक प्रथम केंटलाच पाठवले. ऑक्टोबरमध्ये गटाच्या अंतर्गत बैठकीची चित्रफीत बाहेर आली, काही सदस्य निलंबित झाले आणि सत्ताधारी गटाची संख्या ५७ वरून घसरली. मेडस्टनकरांनी पक्षांतराबद्दल लिहिले होते तेच घडले: ते सदस्य सभागृहात आहेत, पण वेगळ्या बाकांवर. केंटचीही पुनर्रचना २०२८ च्या एप्रिलपर्यंत करण्याचा सरकारचा मानस आहे, त्यामुळे डार्टफर्डकर, आपण महाराष्ट्र दिनी जी फुली मारली ती केंट कौंटी कौन्सिलसाठीची शेवटची असू शकेल.

सरेतील मराठी कुटुंबांना एक विनंती आहे. मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांपूर्वी नाव यादीत असावे लागते आणि भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. आमच्या इमारतीत चार मराठी घरे आहेत. गेल्या रविवारी मी चारही दारे वाजवली, तेव्हा तीन घरांत आपल्याला मत देता येते हेच कोणाला माहीत नव्हते. चौथ्या घरातील आजोबांनी मात्र कपाटातून आपले जुने मतदानपत्र काढून दाखवले. ते १९७४ पासून प्रत्येक निवडणुकीला गेले आहेत.